आजीच्या डब्यातल्या रुपयाचे 10 कोटी होत नाहीत

शेजारच्या काकूंनी परवा मला फोन पुढे करून एक मेसेज दाखवला. तुमच्याकडेही तो येऊन गेला असेल. थोडक्यात असा: "1885 चा एक रुपया असेल तर 10 कोटी मिळतील. वैष्णोदेवीचं 5 रुपयांचं नाणं असेल तर 10 लाख. नाणं जितकं जुनं तितकी किंमत जास्त. फोटो पाठवा, नाममात्र नोंदणी शुल्क भरा. रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने पैसे थेट खात्यात."

काकूंनी मला विचारलं ते फार उशिरा. तोवर नोंदणीचे, मग "जीएसटी"चे, मग "परवान्या"चे असे तीनदा पैसे पाठवून झाले होते. मी वीस-बावीस वर्षं नाणी जमवतो आहे. म्हणून या मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊन सांगतो, त्यात काय खोटं आहे ते.

आधी "जितकं जुनं तितकं महाग" हे वाक्य. सगळ्या थापा याच पायावर उभ्या आहेत. शिवराई घ्या. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपती". हातात घेतली की अंगावर काटा येतो, पण तांब्याची साधी शिवराई आजही काही शे रुपयांत मिळते. कारण सरळ आहे: शिवराज्याभिषेकानंतर पेशवाईतही ती पाडली जात राहिली आणि खेडोपाडी खेळत राहिली. महाराजांचा सोन्याचा होन मात्र हातावर मोजण्याइतकाच सापडला आहे. राजा तोच, काळ तोच, दोन नाण्यांच्या मोलात जमीन-अस्मानाचा फरक. आता 1885 चा रुपया. व्हिक्टोरिया राणीचा, चांदीचा, बरोबर एक तोळा वजनाचा. आपल्याकडे "रुपयाभार" हे माप आलं ते याच वजनावरून. त्या वर्षी हे रुपये कोट्यवधींनी पाडले गेले. सराफाकडे त्याची चांदीची किंमत येईल, नाणं चांगलं राहिलं असेल तर संग्राहक थोडं जास्त देईल. याउलट सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया 54 वर्षांनी लहान, पण दुर्मिळ तो. इतका की बाजारात त्याच्या बनावट प्रतीच जास्त दिसतात.

वैष्णोदेवीचं नाणं तर 2012 चं आहे. श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त 5 आणि 10 रुपयांची नाणी चलनात आली आणि आजही ती व्यवहारात चालतात. सालाखाली चांदणी असेल तर किंमत दुप्पट, असंही कुणी कुणी पसरवतं. ती चांदणी म्हणजे हैदराबादच्या टांकसाळीची खूण. ठिपका नोएडाचा, हिऱ्याचा आकार मुंबईचा, काहीच खूण नसेल तर कोलकाता. नाण्यांचा गल्ला उपडा केलात तर चारही सापडतील.

मग एका नाण्याला कोट्यवधी मिळतात हे खोटं का? नाही, ते खरं आहे. आणि ते नीट सांगायला हवं, कारण ठग त्याच खऱ्या बातम्यांचा आधार घेतात. जून 2021 मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकेचं 1933 चं 20 डॉलरचं सोन्याचं नाणं, ज्याला डबल ईगल म्हणतात, सुमारे 1 कोटी 89 लाख डॉलरला विकलं गेलं. तेव्हाच्या दराने जवळपास 140 कोटी रुपये. त्यात सोनं आहे जेमतेम 30 ग्रॅम. बाकी सगळी किंमत त्याच्यावर जे गुदरलं त्याची.

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत 1933 मध्ये ही 4,45,500 नाणी पाडली गेली. पण त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांकडचं सोनं सरकारजमा करायला लावलं, त्यामुळे ही नाणी चलनात आलीच नाहीत. दोन स्मिथसोनियन संग्रहालयाला दिली आणि बाकी वितळवली. तरी काही टांकसाळीतून चोरवाटेने बाहेर पडली. त्यातलं एक 1944 मध्ये इजिप्तचा राजा फारूक याच्याकडे गेलं, तेही अमेरिकी सरकारच्याच निर्यात परवान्यावर. चोरीची चौकशी सुरू झाली ती त्यानंतर. फारूकची गादी गेली, 1954 मध्ये त्याचा संग्रह लिलावात निघाला, अमेरिकेने हे नाणं मागितलं आणि ते गायबच झालं. 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात सीक्रेट सर्व्हिसने सापळा लावून ते पकडलं. खटल्यानंतर तडजोड झाली आणि 2002 मध्ये ते लिलावात 75 लाख 90 हजार 20 डॉलरला गेलं. शेवटचे 20 डॉलर का? ते कधी अधिकृतपणे चलनात आलंच नव्हतं, म्हणून दर्शनी किंमत सरकारजमा करून ते कायदेशीर नाणं करून घ्यावं लागलं. खासगी मालकीत बाळगायला परवानगी असलेलं जगातलं हे एकच. पुढे एका कुटुंबाकडे आणखी दहा निघाली, ती कोर्टाने सरकारला दिली. या नाण्याचा मला ठाऊक असलेला सगळ्यात बोलका भाग तोच: नाणं खरं, दुर्मिळ, सोन्याचं, तरी मालकी सिद्ध झाली नाही म्हणून त्या कुटुंबाला त्याचा एक पैसाही मिळाला नाही.

रोमच्या ज्युलियस सीझरच्या खुनात सामील असलेल्या ब्रूटसच्या सोन्याच्या नाण्याचंही तेच. सीझरच्या खुनाची खूण म्हणून त्यावर दोन खंजीर आहेत. ऑक्टोबर 2020 मध्ये लंडनला त्याला 32 लाख पौंडांहून जास्त रक्कम मिळाली. मग ते आधी कुणाकडे होतं याची कागदपत्रं बनावट निघाली आणि 2023 मध्ये ते ग्रीसला परत करावं लागलं. ज्या बाजारात पूर्वीच्या मालकांची साखळी इतकी तपासतात, तिथे मोबाईलवरच्या फोटोवरून कोण कोटी देईल?

"अमुक साइटवर 10 कोटी किंमत दिसते" हाही पुरावा नव्हे. विक्रीला लावताना कुणीही काहीही आकडा टाकू शकतो. पाहायचं ते नाणं त्या किमतीला प्रत्यक्ष विकलं गेलं का.

आता अशाच थापा मारून विकली जाणारी, राम दरबाराचं चित्र असलेली "ईस्ट इंडिया कंपनी 1818, हाफ आणा" नाणी. मद्रासकडच्या कंपनीच्या होनांवर विष्णूची मूर्ती होती, हे खरं. पण ही राम दरबाराची नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत. जुन्या रामटंका होत्या त्या पूजेच्या, चलनाच्या नव्हेत. आज विकतात त्या अलीकडच्या नकला. आणि याच नकलांवर "वीज पडून इरिडियम झालेलं, तांदूळ ओढणारं नाणं" हा आणखी भयंकर धंदा चालतो. तांबं तांदूळ ओढत नाही, इरिडियमही नाही. दाण्यांत लोखंडाचा कीस असतो आणि खाली चुंबक. यात माणसांनी जमिनी विकल्या आहेत.

राहिली रिझर्व्ह बँक. तिने 4 ऑगस्ट 2021 ला जाहीर सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही, असलं शुल्क वा कमिशन आपण घेत नाही आणि आपल्या वतीने ते घ्यायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही. खरं लिलावगृह नाणं प्रत्यक्ष हातात घेऊन तपासतं आणि आपलं कमिशन विक्रीच्या रकमेतून कापतं. "आधी पैसे भरा" हे शब्द आले की फोन ठेवा. पैसे गेले असतील तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. लाजू नका.

काकूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला लागून राहिली. फोटो चांगला यावा म्हणून त्यांनी तो रुपया चिंच लावून घासला होता. चांदीवर शंभर-सव्वाशे वर्षांत आलेली काळसर झाक संग्राहकाला हवी असते. घासलं की पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात, राणीच्या केसांच्या रेषा बुजतात, आणि ते परत येत नाही. नाणं धुऊ नका, घासू नका, कडेला धरून उचला, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका.

तो रुपया काकूंच्या सासूबाईंचा होता, त्यांच्या ओटीत आलेला. तक्रार आम्ही केली आहे, पैशांचं काय होतंय ते बघू. रुपया मी कागदी पाकिटात घातला आणि पाकिटावर सासूबाईंचं नाव आणि गाव लिहून तो काकूंना परत दिला.