प्रोटीन नॉर्मल आलं, म्हणून गाठ सोडून द्यायची?

‘एका रक्ततपासणीत बायकांचे सगळे कॅन्सर कळतात. प्रोटीन नॉर्मल असेल तर मॅमोग्राफी नको, पॅप नको. बायोप्सी तर मुळीच नको, सुई लागली की कॅन्सर पसरतो. डाळी बंद करा, प्रोटीन वाढतं.’ हा मेसेज सिडकोतल्या माझ्या मामीच्या भिशीच्या ग्रुपवर फिरतोय. मामीच्या छातीत तीन महिन्यांपासून गाठ आहे. तपासणीच्या कॅम्पमध्ये रक्त दिलं, रिपोर्ट नॉर्मल आला, आणि ती गप्प बसली. मला कळलं परवा.

स्तनाच्या कॅन्सरसाठी रक्तात सीए 15-3 हे प्रोटीन बघतात, पण कॅन्सर सुरुवातीला असताना ते बहुतेकदा वाढलेलं नसतंच. मग त्या नॉर्मलवरून गाठीबद्दल काय कळणार? हाताला लागलेली गाठ सोनोग्राफी-मॅमोग्राफीने बघतात आणि संशय आला तर सुईने तुकडा काढतात, हीच बायोप्सी. सुईच्या वाटेत कधी कधी काही पेशी सांडतात, पण त्यामुळे बाई दगावण्याचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. उलट प्रोटीनची खरी मदत त्या तुकड्यातूनच होते. स्तनाच्या साधारण 15 ते 20 टक्के कॅन्सरमध्ये हर-2 हे प्रोटीन जास्त असतं. त्यावर नेमकं लागू पडणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध 1998 पासून आहे. बायोप्सी टाळली तर ते द्यायचं की नाही हे ठरवणार कशावरून?

अंडाशयाच्या कॅन्सरसाठी रक्तातलं सीए-125 हे प्रोटीन बघतात, एवढं मान्य. उपचार लागू पडतायत का हे त्यावरून कळतं. पण 35 च्या वर आकडा गेला म्हणजे कॅन्सर, असं नाही. फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), पोटाचा टीबी, पाळी, अशा कशानेही तो वाढू शकतो. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या 2 लाखांवर बायकांचा अभ्यास झाला. एका गटाची दरवर्षी सीए-125 तपासणी केली, एका गटाची सोनोग्राफी, एका गटाची काहीच नाही. 2021 मध्ये निकाल आला. सीए-125 च्या गटात काही कॅन्सर लवकर सापडले, तरी अंडाशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू घटले नाहीत. एवढ्या मोठ्या अभ्यासात जे साधलं नाही, ते कॅम्पमधल्या एका बाटलीभर रक्तात साधेल?

गर्भाशयमुखाचा कॅन्सर अशा रक्ततपासणीत पकडता येत नाही. त्याला गर्भाशयमुखाचीच तपासणी लागते, जसं पॅप (तिथल्या पेशी बघणं) किंवा एचपीव्ही (त्या विषाणूचा शोध).

डाळींचं तर काय बोलावं! ही प्रोटीनं शरीरातल्या पेशींमध्ये तयार होतात, वरणातून येत नाहीत. केमो चालू असलेल्या बाईची डाळ तोडली तर तिची ताकदच जाईल.

सोमवारी मामीला मॅमोग्राफीला नेतेय. भिशीतल्या आणखी दोघींनी तोच रिपोर्ट कपाटात ठेवलाय. गाठ लागत असेल किंवा पाळी गेल्यावर अंगावरून रक्त जात असेल, तर त्यांनीही सोबत यावं. गाडीत जागा आहे.