६२०५ च्या ड्रॉईंगवरून ६२०७ ची हाउसिंग: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब, रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत आणि लिहिलंय की हाउसिंगचं, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्या भागाचं, जुनं ड्रॉईंग दिलेलं होतं, फक्त ६२०५ नंबरचं बेअरिंग बदलून ६२०७ टाकायचं होतं, सेव्ह ॲज करून दहा मिनिटांचं काम, त्याला चार दिवस आणि २४०० रुपये, वर प्रिंटवर पार्ट नंबर जुनाच.

पार्ट नंबरचं आधी बोलतो. ते शंभर टक्के आमचं चुकलं. फाईल कॉपी केली की टायटल ब्लॉकपण (ड्रॉईंगवरचा नाव-नंबरचा चौकोन) तसाच येतो, तो बघणं माझं काम होतं आणि मी न बघता प्रिंट सोडली. त्यावर माल निघाला असता तर तुमच्या स्टोअरला एकाच नंबरचे दोन वेगळे पार्ट पडले असते. मनापासून सॉरी.

पण दहा मिनिटांचं काम नव्हतं हो. ६२०५ बेअरिंगचा बाहेरचा डाया ५२ एमएम, रुंदी १५ आणि ६२०७ चा ७२, रुंदी १७. सगळं ड्रॉईंग स्केल केलं तर रुंदी पावणेएकवीसच्या घरात जाते आणि एम८ चे टॅप (८ एमएम बोल्टचे आटे) एम११ होतात, तो टॅप भोसरीत कुणाकडे मागायचा? बरं, नुसता बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचं भोक, बदलला तर सर्कलिपचा (बेअरिंग जागेवर धरणाऱ्या रिंगचा) ग्रूव्ह, म्हणजे खाच, नडतो. ५२ च्या बोअरला २.१५ एमएम रुंद ग्रूव्ह चालतो पण ७२ ची सर्कलिपच अडीच एमएम जाड, तिला २.६५ लागतो, जुना ग्रूव्ह राहिला असता तर ती बसलीच नसती आणि ते कळलं असतं थेट असेंब्लीला, सगळा माल तयार झाल्यावर. बोअरचा एच७, म्हणजे मापात चालणारी सूट, मात्र दोन्ही साईजला शून्य ते +३० मायक्रॉनच, त्याला हात लावला नाही.

खरा वेळ गेला तो तुमच्या जुन्या ऑटोकॅड फाईलमध्ये. कुणीतरी डायमेन्शन हाताने टाईप केलेत, आकडा ५२ दिसतो आणि रेघ मोजली तर ५१.४ भरते. अशा फाईलमध्ये रेघ ताणली तरी आकडा हलत नाही, मग कशावर भरवसा ठेवायचा, म्हणून एकेक डायमेन्शन मोजलं आणि शेवटी थ्रीडी मॉडेल नव्याने केलं. हे पहिल्याच दिवशी फोन करून सांगायला हवं होतं, दिवस किती लागतील आणि पैसे किती होतील ते. नाही सांगितलं, तीही आमचीच चूक.

पार्ट नंबर सुधारलेली प्रिंट त्याच संध्याकाळी दिलीय आणि जुनी परत घेऊन फाडली. बिलातले ४०० कमी करतोय. मॉडेलची फाईल तुमची आहे, मेलवर पाठवतो. पुढे ६२०६ ची हाउसिंग लागली तर बोअर ६२, रुंदी १६, ग्रूव्ह २.१५ च राहील, पीसीडी (बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर येतात त्याचा डाया) आणि भिंतीची जाडी तेवढी बघून घ्यायची, आता मॉडेल असल्यामुळे ते एका दिवसाचं काम आहे, आमच्याकडे करा नाहीतर दुसरीकडे.