पोरगी टीममध्ये नसली तरी ग्राउंडवर जायचं का?

गेल्या शनिवारी कट्ट्यावर जे वाजलं ते लिहून काढतोय, कारण घरी आल्यावर पण डोक्यातनं जाईना. आमचा कट्टा म्हणजे सांगलीत विश्रामबागला चहाच्या गाड्यासमोर बंद दुकानाच्या तीन पायऱ्या, वीस वर्षं तेच चारपाच जण. त्या दिवशी पम्या पण होता, तो डॅलसजवळ असतो, दोन वर्षांनी आला होता, म्हणून सुमी पण मुद्दाम आली होती (शाळेतली आमची एकच मैत्रीण जी अजून कट्ट्यावर येऊन बसते). बापू दुकान बंद करून आला आणि मास्तर सगळ्यात शेवटी. मास्तर म्हणजे आमचाच वर्गमित्र, एका हायस्कूलला पीटी शिकवतो, शाळेचं नाव इथे नको.

मास्तर आला तो पँटीला गुडघ्यापर्यंत पांढरं. बापूनं विचारलं काय रे रंगकाम काढलंस काय, तर म्हणला फक्की आहे, मंगळवारी तालुक्याच्या खो-खोच्या मॅचेस आमच्या ग्राउंडवर आहेत, आज सरावासाठी आखून बघितलं. एकट्यानं. सकाळी सहाला टाकीला पाईप लावून ग्राउंडवर पाणी मारलं, धूळ बसल्यावर दोरी लावून लाईनी मारल्या, दोन खांब स्वतः ठोकले, फक्कीची पोती पण स्कूटरवर पुढं ठेवून आणलेली. बारा पोरींची टीम आहे, बारा घरातनं एक माणूस आला नाही म्हणला. हे तो चिडून पण म्हणला नाही, नुसतं सांगितल्यासारखं, आणि मला तेच जास्त लागलं.

बापू लगेच म्हणला का यावं पण? फी भरतोय की आपण. ग्राउंड आखायचं काम शाळेचं. उद्या म्हणाल वर्ग झाडायला या. आणि त्याचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही, कारण त्यानं कायदाच काढला. आरटीई म्हणजे शिक्षण हक्काच्या कायद्यात 2009 पासून लिहिलंय म्हणला, सहावी ते आठवीला शंभराच्या वर पोरं असली की कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाला अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा माणूस पाहिजे, शाळेला क्रीडांगण पाहिजे, खेळाचं साहित्य पाहिजे. हे मागायचं सोडून आपण फक्की मारत बसलो तर सरकार आणि संस्था दोघं पण म्हणणार बघा चाललंय की छान.

मास्तर म्हणला बरोबर आहे, पण त्याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक पाहिजेत हे पण आहे आणि सगळ्या समितीत निम्म्या बायका पाहिजेत हे पण आहे, आठवीपर्यंत तरी. मग मागायचं कुणी? तू कधी गेलायस मीटिंगला? बापू गप. मी पण गप, कारण मी एकदाच गेलोय आणि ते पण स्नेहसंमेलनात माझ्या पोराला पुढच्या रांगेत घ्या म्हणून सांगायला.

मग पम्यानं तिकडचं काढलं. त्याची मुलगी हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. तो म्हणला तिकडं बूस्टर क्लब असतो, म्हणजे पालकांनी काढलेली नोंदणीकृत संस्था, बँडची वेगळी, फुटबॉलची वेगळी, नाटकवाल्यांची वेगळी. शुक्रवारी रात्री फुटबॉलची मॅच असली की पालक स्टॉलवर उभे राहून नाचोज आणि पाण्याच्या बाटल्या विकतात, ते पैसे बँडला. कोण ड्रेसची शिलाई बघतं, कोण बसमधनं पोरांबरोबर जातं, ऑगस्टच्या उन्हात सराव असतो तेव्हा कोण बर्फ घेऊन उभं असतं. आणि हा स्वतः काय करतो तर मॅचच्या मध्यंतरात ते मोठं मारिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) चाकावरनं ढकलत मैदानात न्यायचं, पोरांचं वाजवून झालं की परत पळत बाहेर आणायचं. पहिल्या वर्षी माझी पोरगी कुठं उभी आहे तेवढंच बघायचो म्हणला, आता सगळ्या बँडचा आवाज एकत्र आला की नाही ते कळतं.

बापू म्हणला झालं का तुझं अमेरिका पुराण, तिकडं पैसा आहे. पम्या म्हणला ऐक की, तिकडं सगळं चांगलंच आहे असं मी म्हणतच नाही. श्रीमंत वस्तीतल्या शाळेच्या क्लबकडे ढीगभर पैसा आणि दहा मैलांवरच्या दुसऱ्या शाळेकडे जुनी वाजतील न वाजतील अशी वाद्यं, हे तिकडं पण आहेच, आणि बँडची वर्षाची फी बघून तर आमच्याच ओळखीच्या एकानं पोराला घातलं नाही. पण म्हणून तिकडं नियम आलेत आणि ते नियम मला आवडतात. एक म्हणजे 1972 चा टायटल नाइन कायदा, त्यात असं आहे की मुलांच्या बेसबॉलला पालकांनी झकास स्कोअरबोर्ड दिला तरी मुलींच्या सॉफ्टबॉलला तोडीची सोय द्यायची जबाबदारी शाळेची, पैसे पालकांनी दिले होते हे कारण चालत नाही. दुसरं, टेक्सासात शाळांचा खेळ, बँड, एकांकिका सगळं यूआयएल नावाच्या एका संस्थेखाली येतं, तिथं कोचला वर्षाला 500 डॉलरच्या वर काही घेता येत नाही, का तर मग देणाऱ्याच्या पोराला टीममध्ये घ्यायची वेळ येते.

इथं मास्तर उठूनच बसला. म्हणला हे मला दे लिहून. दरवर्षी एक तरी पालक येतो, सर टीमला टी-शर्ट माझ्याकडनं, आणि जाताना हळूच, आमच्या बाळाचं बघा जरा. टी-शर्ट घेतले तर बाळाला घ्यावं लागतं, नाही घेतले तर पोरं फाटक्या बनियनवर खेळतात. एका वर्षी मी टी-शर्ट परत पाठवले तर त्या माणसानं वर तक्रार केली की सर पक्षपात करतात. तेव्हापासून मी कुणाकडं मागायचंच सोडलं.

मला वाटतं सगळ्या वादातलं खरं दुखणं हेच आहे आणि मी ते तिथं पण बोललो. आपण पालक येत नाही असं नाही, आपण येतो, पण आपल्या एका पोरापुरतं येतो. जूनमध्ये मास्तरकडं आणि चित्रकलेच्या बाईंकडं रांग असते, इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला 7 मार्क वाढतात, बी ला 5, सी ला 3, खेळाचे कुठल्या लेव्हलला किती, हे सगळ्यांना तोंडपाठ. आणि नोव्हेंबरात मॅच असते तेव्हा ग्राउंडवर फक्त पोरींच्या चपलांचा ढीग आणि एकटा मास्तर.

पम्या म्हणला तिकडं यावर पण कोर्टात निकाल झालाय. व्हर्जिनियात जिम्नॅस्टिक्सचा एक पालक क्लब होता, जो पालक वस्तू विकून पैसे जमवेल त्याच्याच पोराच्या नावावर पॉइंट जमा, तेवढी त्याची फी कमी. टॅक्स कोर्टानं 2013 साली सांगितलं की हे सगळ्यांसाठी नाही, हा ज्याचा त्याचा खासगी फायदा आहे, आणि करसवलत गेली. जमवायचं ते सगळ्या पोरांसाठी, ज्याचे आईबाप येऊ शकत नाहीत त्याच्यासाठी पण.

बापूला हे पटलं नाही. तो म्हणला आईबाप स्वतःच्या पोरासाठी करतात म्हणूनच खेळाडू तयार होतात. आपल्याच सांगलीची स्मृती मानधना घे. भाऊ खेळायचा, वडील पण जिल्ह्याकडनं खेळलेले, तिला नेणं आणणं, सरावाची सोय करणं, जेवणाचं बघणं, सगळं घरानं केलं, नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या टीमला निवडली गेली, 2025 ला वर्ल्ड कप आला. नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या वडिलांनी 2009 ला त्याला क्रीडा प्रबोधिनीत घातलं, स्वतः शिक्षक माणूस, पॅरिसला 2024 ला ब्राँझ. हे काय पालक संघाच्या मीटिंगनं झालं काय?

यावर सुमी बोलली. तोपर्यंत ती गप चहा पीत होती. म्हणली बापू, त्यांच्या आईबापांना नमस्कारच आहे, पण ज्या पोरीचे वडील हमाली करतात आणि आई चार घरची धुणीभांडी, तिला कोण ग्राउंडवर सोडणार? आणि खो-खो काय एकटीनं खेळायचा खेळ आहे? माझी पोरगी कितीपण पळाली तरी पाटीवर बसलेल्या आठ जणी वेळेवर उठल्या नाहीत तर ती काय करणार?

मग तिनं दोन वर्षांपूर्वीचं सांगितलं, जे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. विभागाच्या मॅचला पोरींना परगावी न्यायचं होतं, शाळेत त्या दिवशी एक पण बाई मोकळ्या नव्हत्या, मास्तर एकटा पुरुष माणूस बारा पोरींबरोबर, घरचे पाठवायला तयार होईनात, म्हणून सुमी रजा टाकून गेली. एसटीत नववीतली एक पोरगी खिडकीकडं तोंड करून रडायला लागली. कुणाला काही सांगेना. सुमी शेजारी जाऊन बसली तेव्हा कळलं, पोरीला पहिल्यांदाच पाळी आलेली, आणि तिला वाटलेलं सरावात पडली त्यानं आत काहीतरी फाटलं. सुमीनं स्वतःची ओढणी तिच्या कमरेला बांधली, पुढच्या स्टँडवर उतरून पॅड आणलं, बाथरूमच्या दारात उभी राहिली. ती पोरगी दुसऱ्या दिवशी खेळली. सुमी म्हणली जिंकलो नाही आम्ही, पण ती पोरगी खेळली. मी नसते तर ती तिथनंच घरी गेली असती आणि परत कधी ग्राउंडवर आली नसती, आणि ती माझी पोरगी नव्हती.

थोडा वेळ कोणच काय बोललं नाही. मास्तरच मान खाली घालून म्हणला मला तेव्हा कळलंच नव्हतं, मला वाटलं पोरीला गाडी लागली.

मग मी माझं सांगितलं, जे आजवर बोललो नव्हतो. मोठा पोरगा तबला शिकत होता, मिरजेला जायचा, गांधर्वच्या परीक्षा पण देत होता. नववीचा रिझल्ट लागला आणि मे महिन्यातच दहावीची व्हेकेशन बॅच लावली आणि मीच म्हणलं एक वर्ष बंद. एक वर्षाचं तीन वर्षं झालं. परवा पलंगाखालनं तबला काढला तर गवसणीला बुरशी, वाद्या ढिल्या पडलेल्या, शाईला एका बाजूनं तडा. पोराला म्हणलं घे की परत, तर म्हणला राहू दे बाबा, आता हात नाही बसणार. मार्क चांगले पडले त्याला, त्याबद्दल तक्रार नाही, पण आठवड्यातले दोन तास तबल्याला दिले असते तर ते मार्क कमी झाले असते असं मला आता अजिबात वाटत नाही, आणि तेव्हा घाबरलो होतो मी, तो नाही.

विषय मग पैलवान खाशाबा जाधवांवर गेला, जाणारच, गोळेश्वर काय लांब आहे. 1952 ला हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते, गावानं वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले. मास्तर म्हणला बघा, ही आपली रीत आहे, अमेरिकेतनं आणायची गरज नाही. बापू म्हणला आणि मी म्हणतो हीच लाज आहे, प्राचार्याला घर गहाण टाकावं लागलं ही गोष्ट आपण सत्तर वर्षं अभिमानानं सांगतो! यावर दोघं बराच वेळ भांडले आणि खरं सांगायचं तर मला दोघांचं पण पटत होतं. घर गहाण टाकायची वेळ कुणावर येऊ नये म्हणूनच शंभर घरांनी थोडं थोडं करायचं असतं, आणि शाळेकडं आणि सरकारकडं हक्कानं मागायचं असतं ते पण त्याच शंभर घरांनी. ग्राउंडवर कधीच न आलेल्या माणसाला ग्राउंडची जागा पार्किंगला गेली तरी कळत नाही, मग तो मागणार काय?

बापू शेवटपर्यंत म्हणत राहिला की शाळेचं काम शाळेनं करावं. पण उठताना मास्तरला म्हणला मंगळवारी पाण्याचे जार लागत असतील तर माझा टेम्पो सकाळी मोकळा आहे, आणि जारवर दुकानाचं नाव नको, पोरींना उगाच. सुमीनं तिथंच वहीच्या पानावर यादी केली. पैशाचा रकाना ठेवायचा नाही असं ठरलं, नुसतं कोण किती वाजता येणार आणि काय करणार, कोण फक्की, कोण पाणी, कोण पोरींबरोबर थांबणार. ज्याचं मूल टीममध्ये आहे त्याचं नाव आणि नाही त्याचं नाव एकाच रकान्यात. पम्याला सोमवारी रात्री मुंबईला निघायचं होतं, तर त्यानं रविवारी येऊन खांबाला रंधा मारून देतो म्हणून नाव घातलं, खांब खरबरीत असला की वळताना पोरींच्या तळव्याची सालटी निघतात हे मास्तरनं सांगितलेलं.

मंगळवारी मी अर्धी रजा टाकून गेलो. माझी धाकटी या वर्षी टीममध्ये नाही, निवड चाचणीत राहिली. सहा वाजता पाच पालक होते, त्यातल्या दोघांना मी ओळखत पण नव्हतो. दोरी धरायचं काम माझ्याकडं होतं, मास्तर मागनं फक्की सोडत येत होता, ओल्या मातीचा वास येत होता आणि माझी धाकटी बाजूला बसून बाराव्या नंबरच्या पोरीच्या गुडघ्याला चिकटपट्टी लावत होती.