निर्णय विवेकानेच घ्या, एक्सेल उघडून

तर तुम्हाला वॉशिंग मशीन घ्यायचंय. अभिनंदन. पण एवढ्यात दुकानात जाऊ नका प्लीज, दुकानात भावनेच्या भरात वाहून जाणारी माणसं जातात, आणि तुम्ही तर शिकलेले, रिटर्न स्वतः भरणारे, ग्रुपवरचा फॉरवर्ड पुढे ढकलायच्या आधी निदान पहिल्या दोन ओळी वाचणारे. तुम्ही मशीन निवडायचं ते अर्थशास्त्राच्या पुस्तकातल्या माणसासारखं. त्याला बाजारातले सगळे पर्याय पाठ असतात, आपल्याला काय हवंय ते पक्कं माहीत असतं, पुढे काय होणार त्याचा अंदाज असतो, आणि मनातल्या मनात गुणाकार करून सगळ्यात फायद्याचं ते तो उचलतो. (हा माणूस अजून कुणाला भेटलेला नाही. भेटला तरी कुणी त्याला दुसऱ्यांदा जेवायला बोलावेल असं वाटत नाही.)

तेव्हा एक्सेल उघडा. आडवी मॉडेलं, उभे निकष: किंमत, किलो, स्टार रेटिंग, आरपीएम (ड्रम मिनिटाला किती गरगरतो ते), वॉरंटी. प्रत्येकाला मार्क आणि प्रत्येक निकषाला वजन.

ही काही आजची आयडिया नाही. 1772 साली शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली नोकरी बदलू का नको या पेचात होता, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिनने त्याला पत्र लिहून सांगितलं की कागदाच्या मधोमध रेघ मार, एका बाजूला फायदे दुसऱ्या बाजूला तोटे लिही, सारख्या वजनाचे खोडत जा, तीन-चार दिवस विचार कर. तीन-चार दिवस बरं का. त्याला अनबॉक्सिंगचे व्हिडिओ बघायचे नव्हते.

आणि डार्विन! ज्या माणसाने आयुष्यभर पुरावे गोळा केले त्याने 1838 साली लग्न करावं की नाही याची अशीच दोन रकान्यांची यादी केली. विरोधात लिहिलं की वेळ जाईल, पुस्तकांना पैसे कमी पडतील, नातेवाइकांकडे जावं लागेल. बाजूने काय, तर म्हातारपणी सोबत, आणि काही झालं तरी कुत्र्यापेक्षा बरं. हो, कुत्र्यापेक्षा, हे त्याच्याच हस्ताक्षरात आहे. शेवटी तीनदा ‘लग्न कर’ लिहून खाली भूमितीच्या प्रमेयासारखं ‘इति सिद्धम्’ ठोकून दिलं, आणि जानेवारी 1839 मध्ये एमा या मामेबहिणीशी लग्न करून मोकळा झाला, पुढे दहा मुलं. आता ती यादी वाचून एमाचं नाव कुठल्या रकान्यातून आलं असेल ते मला सांगा, मी तर शोधून दमलो.

असो, मशीन. आता रिव्ह्यू वाचा. हजारो लोकांनी चांगलं म्हटलेलं एक मॉडेल तुमच्या शीटमध्ये पहिलं येईल, तेवढ्यात साडू म्हणेल की आमच्या ऑफिसातल्या एकाचं तेच मशीन दोन महिन्यांत बंद पडलं. लगेच खोडा. हजारो अनोळखी लोक काय, कुणीही असतात, साडू घरचा माणूस आहे.

मग पर्याय वाढवा. सहा मॉडेलं म्हणजे आळशीपणा, चोवीस तरी पाहिजेत. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात जॅमवर असा प्रयोग केलेला, 2000 साली छापून आला: टेबलावर 24 प्रकार मांडले तेव्हा चव घ्यायला गर्दी जास्त झाली पण विकत घेतलं त्यातल्या 3 टक्क्यांनी, सहाच मांडले तेव्हा 30 टक्क्यांनी. नंतर बाकीच्यांनी असले प्रयोग केले तर दर वेळी तसं घडलं नाही म्हणे, पण माझ्या मुद्द्याला पहिला प्रयोग सोयीचा आहे म्हणून मी तोच धरून ठेवलाय, तुम्हीही शीट भरताना हेच करा.

हर्बर्ट सायमन नावाच्या गृहस्थाकडे मात्र दुर्लक्ष करा. त्याचं म्हणणं, माणसाकडे वेळ कमी, माहिती अर्धवट आणि डोकं एकच, त्यामुळे तो सगळ्यात उत्तम शोधत बसत नाही, भागेल असं पहिलं काही दिसलं की थांबतो. याला 1978 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमची आजी आयुष्यभर ‘चालतंय की’ म्हणून हेच करत आली, तिला कुणी साधी शालसुद्धा दिली नाही.

नोबेलचं निघालंच आहे तर हॅरी मार्कोविट्झचं ऐका. पैसे कुठे किती गुंतवावेत याचं गणित त्याने 1952 साली मांडलं, 1990 मध्ये नोबेल घेतलं. आणि स्वतःच्या पेन्शनचे पैसे? अर्धे शेअर, अर्धे बॉंड, संपला विषय. बाजार चढला आणि आपण आत नसलो तर हळहळ, पडला आणि सगळे आत असले तर हळहळ, म्हणून निम्मं-निम्मं. तुम्ही मात्र गणितच करा, तुम्हाला कुठे नोबेल मिळालंय.

एवढं होईपर्यंत तीन आठवडे जातील, बादलीत कपडे भिजत असतील, बायको बोलायची बंद झाली असेल. सोडू नका! एवढा वेळ घातलाय तो फुकट घालवायचा का? ब्रिटन आणि फ्रान्सने कॉंकॉर्ड विमानाचं हेच केलं, खर्च झालाय म्हणून आणखी खर्च करत राहिले, आणि आज त्या चुकीला त्या विमानाचं नाव आहे. तुमच्या नावाची चूक व्हावी असं नाही वाटत?

मग जा दुकानात. 42,990 वर काट मारून 27,990 लिहिलेलं दिसलं की पंधरा हजार वाचले असं मोठ्याने म्हणा. येताना भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी भांडलात आणि इथे अडीच हजाराची जादा वॉरंटी मान हलवून घेतलीत, तर त्यात विसंगती शोधू नका, सत्तावीस हजारात अडीच म्हणजे काय मोठंसं.

आणि आईला बरोबर नेऊ नका, हे सांगायचंच राहिलं. नेलंत ना? तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वरून कपडे टाकायचं घे रे बाबा, मला वाकवत नाही. पण गुडघ्यांचा कॉलम आपण केला नव्हता. आता ती शीटमध्ये सातव्या नंबरवर असलेल्या मशीनचं झाकण उघडेल, सोडेल, ते न आपटता हळूच खाली येईल, आणि ती म्हणेल, ‘हे बरंय.’ सेल्समन बिल करायला लागलेला असेल.

घाबरू नका, घरी येऊन लॅपटॉप उघडा. एक कॉलम वाढवा, नाव द्या ‘झाकण’. वजन 30 टक्के. नाही, अजून तिसराच येतोय. 40 करा. आला बघा पहिला. आता शीट साडूला पाठवा.