लोकार्पण

कोर्टात ३४ वर्षं कारकुनी केली, त्यामुळे कोर्ट दिसलं की लोकांच्या पोटात गोळा येतो तसं माझं होत नाही. मला चहाची तल्लफ येते. टेक्सासला मुलाकडे आलो तर तो म्हणाला, "बाबा, शनिवारी इथल्या जुन्या काउंटी कोर्टाचं लोकार्पण आहे. तुमच्या आवडीचा विषय!" निघताना सूनबाईंनी आइस टीचा भलामोठा ग्लास हातात दिला. घात तिथेच झाला.

टेक्सासात काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, २५४. तालुक्याच्या गावासारखं गाव, त्याचा चौक आणि चौकात मधोमध कोर्ट, आपल्याकडे ग्रामदैवताचं देऊळ असावं तसं. ही जुनी कोर्टं मोडकळीला आली म्हणून १९९९ पासून राज्य सरकार दुरुस्तीला पैसे देतं, काउंटीने आपला वाटा घालायचा. मग मधल्या काळात कुणी ठोकलेली खोटी छतं, पार्टिशनं उखडतात आणि भिंतींचा मूळ रंग खरवडून शोधतात. हे सगळं मला पहिल्या भाषणात कळलं. दुसऱ्या भाषणातही कळलं.

लोखंडी खुर्ची सकाळपासून उन्हात तापत होती. बसलो तसा उठलो. नशिबाने तेव्हाच सगळे उठले, कारण झेंडा आला. अमेरिकेच्या झेंड्याची प्रतिज्ञा झाली. बसणार, तोच टेक्सासच्या झेंड्याची वेगळी! मग पाद्रीबाबांची प्रार्थना. तोवर आइस टी आपल्या मुक्कामी पोचला होता.

"अरे, बाथरूम?"

"आत आहे बाबा. पण फीत कापेपर्यंत कुलूप."

काउंटी जज बोलायला उभे राहिले. जज म्हटल्यावर मी सवयीने सावरून बसलो. मुलगा कुजबुजला, "हे मुख्यतः काउंटीचा कारभार बघतात. यांच्या मंडळाला कमिशनर्स कोर्ट म्हणतात, पण ते कोर्ट नाही." म्हणजे आपले झेडपीचे अध्यक्ष! तरीच माइक सुटेना.

मग पांढरे एप्रन बांधलेले फ्रीमेसन आले, म्हणजे गवंड्यांची हत्यारं खूण म्हणून मिरवणाऱ्या एका जुन्या बंधुसंघाची मंडळी. त्यांनी कोनशिलेला गुण्या लावला, पाणसळ ठेवली, ओळंबा सोडला आणि दगड सरळ असल्याचं जाहीर केलं. शंभर वर्षं इमारत पेलतोय बिचारा, आता परीक्षा! त्यावर मक्याचे दाणे वाहिले. मला भूमिपूजनच आठवलं, फक्त नारळ नव्हता. पुढे तेल आणि वाइन. वाइन छोट्या चांदीच्या भांड्यातून, बारीक धारेने, अगदी सावकाश. ती धार मला बघवेना. डोळे घट्ट मिटून घेतले. शेजारच्या आजीबाईंनी माझ्या हातावर थोपटलं, "मलाही असंच भरून आलंय हो."

फितीची कात्री हातभर लांब, पण बोथट. तिसऱ्या प्रयत्नात फीत तुटली आणि मी निघालो. दारातली स्वयंसेविका म्हणाली, "सर, वरचं कोर्टरूम आधी बघा, गॅलरी अगदी जुन्यासारखी केलीय." मी तळघराच्या जिन्याकडे बोट दाखवलं आणि पसार झालो.

त्या अख्ख्या ऐतिहासिक वास्तूत ती एकच खोली नवीकोरी होती. नळावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. तिचं लोकार्पण माझ्या हस्ते झालं, विनाभाषण.