'प्रयोगशाळेत कधी पाऊल ठेवलंय का?' या प्रतिक्रियेला उत्तर

सर,

टोल्यूईन या रंगात वापरल्या जाणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये (विद्रावकात) वाढणाऱ्या जिवाणूंवरच्या माझ्या लेखाला तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. जपानी संशोधकांच्या शोधनिबंधाचं साल 1989 ऐवजी 1998 पडलं, ही चूक माझी, दुरुस्त केली. दुसरा, टोल्यूईन पाण्यात लिटरला जेमतेम अर्धा ग्रॅम विरघळतं, म्हणून जिवाणू '50 टक्के टोल्यूईन'मध्ये वाढतो हा आकडा फसवा. आणि तिसरं वाक्य: 'लेखिकेने प्रयोगशाळेत कधी पाऊल तरी ठेवलंय का?'

हे वाक्य मला लागलं. आकड्यावर बोलायचं तर आकड्यावर बोला ना, माणसाची लायकी कशाला काढायची?

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलं आणि सहा वर्षं एका रंगाच्या कारखान्याच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पावर) काढली. ओढणीला टोल्यूईनचा वास घेऊन घरी जायचे. एका रात्री पिंप फुटून टोल्यूईन थेट सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंच्या टाकीत गेलं. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली गाळात काहीही हलत नव्हतं. शेणाचं पाणी घालून ती टाकी पुन्हा जिवंत करायला तीन आठवडे लागले. पेशीपटलात, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणात, सॉल्व्हंट शिरलं की काय होतं, हे मी पुस्तकाआधी तिथे पाहिलंय.

म्हणूनच टोल्यूईनमध्येही तगणाऱ्या स्यूडोमोनास पुटिडा या जिवाणूचं मला इतकं अप्रूप. त्याच्या पटलातली सिस (वाकडी) मेदाम्लं काही मिनिटांत ट्रान्स (सरळ) होतात, नवीन काही बनवावं न लागता. पटल घट्ट होतं. तोवर आत शिरलेलं टोल्यूईन पटलातले प्रथिनांचे पंप बाहेर फेकत असतात. 'पंप' हा शब्द तुम्हाला बालिश वाटला, पण शोधनिबंधांतही तोच आहे. स्पेनमधल्या ग्रानादाच्या सांडपाण्यातून मिळालेल्या याच जिवाणूच्या वाणात असे तीन पंप सापडले, आणि त्यांतला एक टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविकसुद्धा बाहेर टाकतो. हे सगळं लेखात होतं. शेवटपर्यंत वाचलं असतंत तर दिसलं असतं.

राहिला तुमचा अर्धा ग्रॅम. बरोबर आहे. पण तेवढाच बहुतेक जिवाणूंना मारायला पुरतो, आणि वर तरंगणारं टोल्यूईन तो कधी कमी होऊ देत नाही. 50 टक्क्यांचा अर्थ तोच. यापलीकडे त्यावर वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही.

आक्षेप कितीही कडक लिहा, मी छापेन. 'पाऊल ठेवलंय का' असली वाक्यं मात्र यापुढे इथे प्रसिद्ध होणार नाहीत.