जॉन कॉनरच्या मृत्यूवरून : एका प्रतिक्रियेला उत्तर

'टर्मिनेटर : डार्क फेट'वरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "काका, तुमचं घड्याळ १९९१ लाच बंद पडलंय. नवं बघवत नसेल तर बघू नका. ॲक्शन जबरदस्त आहे, कॅमेरॉन स्वतः निर्माता आहे, आणि हा पाचवा नव्हे, सहावा भाग."

शेवटचं खरं. १९८४ पासून मोजलं तर २०१९ चा हा सहावाच. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ही बोलायची कुठली रीत? काका म्हणालात, त्याचा राग नाही. मात्र ज्याला कधी भेटला नाहीत त्याचं घड्याळ बंद पडलंय, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? सिनेमा आवडला असेल तर का आवडला ते लिहा. माणसाच्या वयावर घसरायला अक्कल लागत नाही.

आणि १९९१ चं म्हणाल, तर ऐका. त्या साली आलेला दुसरा भाग मी थिएटरात पाहिलेलाच नाही. चवथीला गोव्यातल्या डिचोलीच्या मूळ घरी आम्ही सगळी भावंडं जमायचो. आरत्या आटोपल्या की भाड्याच्या व्हीसीआरवर सिनेमे चालायचे. मुलाला वाचवणारा तो यंत्रमानव वितळलेल्या पोलादात उतरायला निघाला आणि नेमकी वीज गेली. आमच्या आतेला इंग्रजीचा गंध नव्हता. काळोखात तिनं एवढंच विचारलं, "भुरगो वाचलो मगो?"

दोन तासांचा सगळा आटापिटा त्या मुलासाठी, जॉनसाठी होता, हे तिला एकही संवाद न कळता कळलं होतं. त्याच्या आईची, साराची तगमग त्याच्यासाठी, यंत्राचं मरणही त्याच्यासाठी.

'डार्क फेट' काय करतो? पहिल्या काही मिनिटांतच, १९९८ सालच्या ग्वाटेमालातल्या किनाऱ्यावर, त्याच जॉनला गोळ्या घालतो. बरं, मारला तर मारला. मग ते दुःख तरी पेलायचं. सारा झालेल्या लिंडा हॅमिल्टनच्या चेहऱ्यावर ते दिसतं, पण तिला उसंतच नाही. लगेच भविष्यातून नवा मारेकरी, नवी रक्षक, माणसांवर उलटलेल्या स्कायनेट या यंत्रणेच्या जागी लीजन आणि जॉनच्या जागी डॅनी ही मुलगी. गोष्ट तीच, नावं बदललेली. ज्या यंत्रानं पोराला मारलं ते टेक्सासात पडदे विकत संसार करतंय, हे कळल्यावर सारानं काय करावं, यावर अख्खा सिनेमा उभा राहिला असता. इथे तो प्रश्न पुढच्या मारामारीपर्यंत कसाबसा तग धरतो.

विमानातली, धरणावरची, पाण्याखालची ॲक्शन तुम्हाला आवडली, आनंद आहे. पहिल्या दोन भागांचा दिग्दर्शक कॅमेरॉन निर्माता आहे म्हणून सिनेमा चांगला, याला मी युक्तिवाद मानत नाही.

तुमच्या सबंध प्रतिक्रियेत जॉनचं नाव एकदाही नाही. माझा अर्धा लेख त्याच्यावर होता. तो वाचलात का, एवढंच सांगा.